ताईच्या तोंडून भावोजी

भावोजींचा आवाज जाणार हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा कोणी केला असेल, तर माझ्या ताईने. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील पण बोलता यायचं नाही. भावोजींनी मुकाट्याने मान डोलवली. ताई मात्र डॉक्टरांवर तुटून पडली. "तुम्हाला माहीत तरी आहे का हे कोण आहेत?" आता त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? त्याच्या दृष्टीने सकाळपासूनचा तो पाचवा घसा. मी तिला दंडाला धरून बाहेर आणली आणि बाकावर बसवली.

हे कोण आहेत ते मी सांगतो. पोटासाठी भावोजी कापडाच्या दुकानात उभे राहायचे, दिवसभर तागे उलगडायचे आणि गुंडाळायचे. पण आमच्या रस्त्याच्या टोकाला एक प्रार्थनाघर आहे. लांबोळकी खोली, दोन्ही बाजूंना बाकं, समोर लाकडी चौथरा. तिथे दर आठवड्याला ग्रंथातला एक धडा वाचतात. ते वाचन भावोजींचं. किती वर्षं ते विचारू नका. ज्या पोरांना कडेवर घेऊन आणायचे, ती आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन येतात.

आवाज काय होता म्हणून सांगू. खर्जातला, भरलेला. ओळीच्या शेवटी ते तो वर चढवायचे आणि तिथेच धरून ठेवायचे, आणि अख्खी खोली श्वास धरून बसायची. मी काही देवभोळा नाही. ताई ओढून न्यायची म्हणून जायचो आणि मागे भिंतीला टेकून झोपायचो. पण खरं सांगतो, त्या आवाजात झोपसुद्धा छान लागायची.

त्यांचा आवडता धडा सेवेचा. त्यात एक ओळ होती: दुसऱ्याच्या ओंजळीत किती आहे हे बघायला मान वळवू नकोस, तुझी ओंजळ सांडेल. ती वाचताना भावोजी असा काही आवाज उतरवायचे की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. वाचून झालं की वाचणाऱ्यानेच खाली उतरून सगळ्यांना पाणी द्यायचं, तेही मागच्या रांगेपासून, असा तिथला नियम. भावोजी तांब्या घेऊन फिरायचे आणि लोक म्हणायचे, "काय वाचलंत आज." भावोजी खाली बघून "माझं काय आहे त्यात" म्हणायचे आणि कान लाल व्हायचे. ताई दुसऱ्या रांगेतून कोण काय म्हणालं ते टिपून घ्यायची आणि आठवडाभर मला ऐकवायची.

माझं केस कापायचं दुकान त्यांच्या घराच्या खालीच. दाढीला बसले की मी चिडवायचो. "भावोजी, नम्रतेचा धडा काल फार झोकात वाचलात." ते आरशातून बघून हसायचे. "मेहुणे, वस्तरा तुमच्या हातात आहे, मी काय बोलणार." स्वतःची खोड माहीत असलेला माणूस होता तो. म्हणून मला आवडायचा.

ते दवाखान्यात असताना वाचायचं कोणी, हा प्रश्न आला. भावोजींनी ऑपरेशनच्या आधी स्वतःच सांगून ठेवलं होतं, माझा पुतण्या वाचेल. हा पुतण्या म्हणजे चाळिशी उलटलेला गडी, फाटकं-खिडक्या जोडणारा वेल्डर. सगळे त्याला वेल्डरच म्हणतात, घरातलेसुद्धा. स्वभावाने मुखदुर्बळ. ठिणग्या उडून हातावर बारीक डाग पडलेले. काकांचा शब्द म्हणून तो चौथऱ्यावर चढला, ओळीखाली बोट ठेवलं आणि सेवेचा धडा वाचायला लागला. ज्याला दिसत नाही अशा घरातल्या माणसाला कोणाचं पत्र वाचून दाखवावं, तसं. एक ओळ झाली की थांबायचा. जणू समोरच्याला विचारतोय, समजलं ना, जाऊ पुढे? हेल नाही, चढउतार नाही. आणि मी, जो कधी जागा राहिलो नाही, तो शेवटपर्यंत जागा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दुकानात आली ती तणतणतच. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेलं बसलं होतं, त्याची तिला काय पर्वा. "छोट्या, ऐकलंस का ती शिवणवाली काय म्हणाली?" मी पंचावन्नचा झालो तरी तिचा छोट्याच आहे. शिवणवाली म्हणजे तिच्या शेजारी बसणारी बाई, कोपऱ्यावर कपडे शिवते. "म्हणे, इतकी वर्षं येतेय, पण हा धडा आज पहिल्यांदा कळला. मेलीला पहिल्यांदा कळला. मग इतकी वर्षं ह्यांनी घसा फोडला तो कशाला?"

"अगं, सहज म्हणाली असेल."

"सहज? इकडे ह्यांच्या गळ्याला भोक पडलंय आणि तिला आज कळतंय."

तिचे डोळे भरून आले आणि ती तशीच वर निघून गेली. गिऱ्हाईकाने फेसातून विचारलं, कोण हो? मी म्हटलं, मोठी बहीण, आणि त्याला पुढचं सगळं समजलं.

भावोजी घरी आले. श्वास आता गळ्याच्या भोकातून. मी रोज सकाळी वर जाऊन दाढी करायचो. आधी भोकावर ओला पातळ रुमाल ठेवायचा, एकही केस आत जाता कामा नये, मग फेस, मग वस्तरा, तोही अगदी हळू. आवाज नव्हता, पण ओठ होते. ते नुसते ओठ हलवायचे आणि ताई ते वाचायची. तिला ते असं जमलं की जणू जन्मभर तेच करत होती. दूधवाला येवो, शेजारीण येवो, ताई पलंगाच्या पायथ्याशी बसून सुरू करायची, "हे म्हणतात..." भावोजींनी दोन शब्द हलवले की ताई वीस सांगायची. एकदा त्यांनी नुसतं 'चहा' म्हटलं, तर ताई शेजारणीला म्हणाली, "हे म्हणतात, बसा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, किती दिवसांनी आलात." भावोजींनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले. त्यांना स्वतःसाठी चहा हवा होता.

असे दिवस बरे चालले होते. एकदा दाढी करताना त्यांनी ताईला विचारलं, त्याने कसं वाचलं?

"वाचलं आपलं. वेळ मारून नेली."

मी काही बोलणार होतो. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी वस्तऱ्याला धार लावत बसलो.

मग वेल्डर आला. जखम ओली, धूळ जवळ येऊ द्यायची नाही असं डॉक्टरांचं सांगणं, आणि हा अंगभर लोखंडाचा भुगा घेऊन आलेला. म्हणून तो खाली माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. त्याला एवढंच विचारायचं होतं, काका, आता कायमचं मीच वाचायचं असेल तर कसं वाचू? ताई निरोप घेऊन वर गेली. बऱ्याच वेळाने खाली आली. पदराशी चाळा करत होती.

"हे म्हणतात, माझ्यासारखं वाच. आवाज खाली घे, ओळीच्या शेवटी वर चढव आणि धरून ठेव. लोकांना त्याची सवय आहे."

वेल्डरचा चेहरा उतरला. "मला जमेल का काकू?"

"जमवायचं. त्यांची तेवढीच इच्छा आहे."

मी कात्री पुसत ऐकत होतो. मला वाईट वाटलं. म्हटलं, भावोजी, तुम्हीसुद्धा शेवटी तेच. स्वतःचा आवाज गेला, तर दुसऱ्याच्या गळ्यात बसवायला निघालात. पण आजारी माणसाला काय बोलणार. 

जखम भरली तसे भावोजी प्रार्थनाघरात येतो म्हणाले. वाचता येत नाही तर पाणी देईन, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि ताई सोडून सगळ्यांना ते बरं वाटलं. ताईला मात्र ते फार लागलं. चौथऱ्यावरचा माणूस तांब्या घेऊन शेवटच्या रांगेत उभा राहणार, आणि वर तो वेल्डर. पण भावोजी खूश होते. गळ्याला स्वच्छ पांढरा रुमाल बांधून, तांब्या छातीशी धरून ते मागे माझ्या शेजारी उभे राहिले.  खूप महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. पुतण्याचं वाचन ते पहिल्यांदाच ऐकणार होते.

वेल्डर चढला. बोट ओळीखाली ठेवलं नाही, दोन्ही हात चौथऱ्याच्या कडेला ठेवले, भावोजी ठेवायचे तसे. घसा खाकरला, भावोजी खाकरायचे तसा. आणि तोंड उघडलं.

काय सांगू. तो खर्ज त्याच्या गळ्यातला नव्हताच. ओळीच्या शेवटी आवाज वर न्यायला गेला आणि तो फाटला. धरून ठेवायला गेला तर खोकला आला. तरी गडी मागे हटला नाही, तीन ओळी, चार ओळी, घाम पुसत तसाच. पुढच्या बाकावरची दोन पोरं फिस्सकन हसली. मग एक मोठा माणूस हसला आणि खोकल्यासारखं करून लपवायला लागला. शिवणवालीने मान खाली घातली. माणसाची नक्कल करतात ना जत्रेत, अगदी तसं ते दिसत होतं.

मी भावोजींकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते. त्यांनी तांब्या बाकावर ठेवला, नीट ठेवला, आणि भिंतीला धरून बाहेर गेले. मी मागे धावलो. रस्त्यात दोनदा थांबले, रुमाल वर करून श्वास घेतला. मी म्हटलं, "भावोजी, अहो, त्याला नाही जमलं, एवढंच." त्यांनी ओठ हलवले. मला ताईसारखं वाचता यायचं नाही, पण एवढं कळलं. माझी टिंगल, म्हणाले. सगळ्यांसमोर.

त्यानंतर ते प्रार्थनाघरात गेले नाहीत. वेल्डर घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताई त्याला जिन्यातूनच परत पाठवायची. तो पायरीवर थोडा वेळ थांबायचा आणि जायचा. दर आठवड्याला तसाच वाचायचा, आणखी जोर लावून. लोक कमी यायला लागले.

मला सगळ्यात नवल वाटलं ते ताईचं. तिला हवं होतं तेच झालं होतं. वेल्डर पडला होता तोंडावर, आणि जो तो म्हणायचा, काकांची सर नाही. मग ही खुलायला हवी होती की नाही? तर ही बाई जेवेना. "हे म्हणतात" बंद झालं. कोणी आलं तर म्हणायची, झोपलेत. मी विचारलं तर अंगावर आली. "तू तुझे केस काप."

मग भावोजींच्या मानेला दुसऱ्या बाजूने गाठ आली. डॉक्टरांनी ह्या वेळी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. म्हणाले, घरी न्या, खायला आवडेल ते द्या. ताई ह्या वेळी त्यांच्यावर ओरडली नाही. मला ते जास्त भीतीदायक वाटलं.

त्या दिवसांत माझ्या दुकानाचं शटर निखळलं म्हणून मी वेल्डरकडे गेलो. मशीन बंद होती. तो तोंडावरचा पत्रा वर सरकवून, लोखंडाच्या ढिगाकडे बघत, तोच सेवेचा धडा म्हणत होता. ओळ म्हणायची, आवाज वर न्यायचा, फाटायचा, परत पहिल्यापासून. मला बघून ओशाळला.

"मामा, अजून नाही येत. काकांना राग आलाय ना, एवढं साधं सांगितलं तेही जमत नाही म्हणून? त्यांना सांगा, मी रोज करतोय. ते असेपर्यंत एकदा तरी त्यांच्यासारखं वाचून दाखवीन."

मी शटरचं सांगायचं विसरून परत आलो. रस्ताभर डोकं भणभणत होतं. हा म्हणतो सांगितलं म्हणून करतोय. तिकडे ते म्हणतात टिंगल करतोय. कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि वेल्डरला खोटं बोलायची अक्कल नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींची दाढी करायला वर गेलो. ते उशांना टेकून बसलेले, गालांची नुसती हाडं राहिलेली. मी रुमाल ठेवला, फेस लावला आणि न राहवून बोललो. "भावोजी, रागवा माझ्यावर, पण बोलतो. त्या पोराला एवढी शिक्षा कशाला? तुम्हीच सांगितलंत ना, माझ्यासारखं वाच? तो मरमर मरतोय तेवढ्यासाठी."

त्यांनी माझं मनगट धरलं. वस्तरा हातात, आणि ह्यांनी मनगट धरलं. माझ्याकडे बघून ओठ हलवले, पण ओठांवर फेस, मला काही लागेना. मी अंगठ्याने फेस पुसला. "परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.

मी? मी त्याला सांगितलं होतं, तुझं तू वाच.

दारात ताई टॉवेल घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. भावोजींनी तिच्याकडे बघितलं. मी वस्तरा खाली ठेवला. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, खरंच आल्या होत्या, मोठी बहीण असली म्हणून काय झालं. पण तिचा चेहरा बघून त्या परत गेल्या.

भावोजींनी ओठ हलवले. का?

ताई पलंगाच्या पायथ्याशी बसली. टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "ती शिवणवाली म्हणाली, हा वाचतो तर पहिल्यांदा कळलं. आणखी चौघीजणी म्हणाल्या. तुम्ही तिकडे नळ्या लावून पडलेले, आणि ह्या म्हणतात आत्ता कळलं. मग तुमचं एवढ्या वर्षांचं काय? कचऱ्यात? मला नाही सहन झालं. म्हटलं, हा तुमच्यासारखं वाचेल, त्याला जमणार नाही, मग तरी कळेल ह्यांना तुम्ही कोण होतात."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. इतके महिने ज्या गोष्टीची झळ त्यांना लागू नये म्हणून हा सगळा उद्योग केला, तीच तिने त्यांच्यासमोर ओतली होती. तिने तोंडावर हात ठेवला.

भावोजी बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. गालावर फेस वाळत चालला होता. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता ह्यातून उठणार नाही. मग त्यांनी तिच्या हातावर बोट वाजवलं, म्हणजे माझ्याकडे बघ. आणि विचारलं, तुला? तुला कळायचं का, मी वाचायचो ते?

ताई खोटं बोलू शकली असती. तेवढी ती तयार आहे. पण ती म्हणाली, "मी तुमचा आवाज ऐकायचे हो. अर्थाकडे कोण बघतंय."

भावोजी हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले, आणि गळ्याच्या भोकातून हवा फसफसली. हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही थांबेना. मी फेस पुसून टाकला. त्या दिवशी दाढी अर्धीच राहिली.

संध्याकाळी त्यांनी वेल्डरला बोलावलं. तो कामावरून तसाच आला, हात धुऊन, दारात चपला काढून, आणि पलंगापासून चार हात लांब उभा राहिला. भावोजींनी त्याला जवळ बसायची खूण केली. मग ताईकडे बघून ओठ हलवले, आणि तिने मान खाली घातली. हे तिचं तिनेच सांगायचं होतं.

सांगितलं तिने. आडपडदा न ठेवता. "ह्यांनी तुला, तुझं तू वाच, असं सांगितलं होतं. मी ते बदललं. लोक तुला चांगलं म्हणत होते ते मला बघवलं नाही. तुझी शोभा झाली ती माझ्यामुळे." माझ्या ताईला मी उभ्या आयुष्यात कोणाची माफी मागताना बघितलं नव्हतं. आमच्या आईचीसुद्धा नाही. वेल्डर एवढा गोंधळला की म्हणाला, "असू दे काकू, चालतंय." चालतंय म्हणे. एखाद्या फाटकाची बिजागरी वाकडी लागली असावी तसं.

मग भावोजी बोलायला लागले. ताई एकेक शब्द सांगत होती. पदरचं काही न घालता, पहिल्यांदाच. "हे म्हणतात, मला वाटलं तू माझी थट्टा करतोस. मी तुझ्यावर रागावलो. मी तोंड फिरवायला नको होतं." वेल्डर मान हलवत राहिला. भावोजी दमले, थांबले, श्वास घेतला. मग त्याच्याकडे बघून आणखी काही म्हणाले. लहानसंच.

ताईने सांगितलं, "हे म्हणतात, तू माझ्यापेक्षा चांगलं वाचतोस."

भावोजींनी पलंगावर थाप मारली. एवढ्याशा हाताची केवढी ती थाप, पण आम्ही तिघेही दचकलो. ते ताईकडे बघून मान हलवत होते. नाही. तसं नाही. त्यांनी परत ओठ हलवले आणि ह्या वेळी मीसुद्धा वाचलं. तू चांगलं वाचतोस. एवढंच होतं. माझ्यापेक्षा हे ताईने घातलं होतं. बिचारीला वाटलं असेल, एवढं मोठं पाप झालंय, तर सव्वा पटीने फेडावं.

"आता तरी घालू द्या ना," ती त्यांना म्हणाली. "खरं तर तेच आहे. सगळे म्हणतात."

त्यांनी मान हलवली आणि बोट उचलून दाखवलं, परत सांग. ताईने डोळे पुसले. "हे म्हणतात, तू चांगलं वाचतोस." आणि थांबली. भावोजींनी डोळे मिटले, जणू एक मोठं ओझं खाली ठेवलं.

वेल्डरने त्यांच्या उशाशी बसून वाचलं. तोच सेवेचा धडा, ओळीखाली बोट ठेवून. पहिल्या दोन ओळी सवयीने त्याचा आवाज वर जायला लागला, तेव्हा भावोजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तो आपल्यासारखा वाचायला लागला. ओळ झाली की थांबायचा आणि काकांकडे बघायचा, आणि काका मान हलवायचे, हो, समजलं, जा पुढे. ओंजळीची ओळ आली तेव्हा भावोजींनी त्याला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. ज्या ओळीवर त्यांनी सगळ्यांना रडवलं होतं, ती ते पहिल्यांदाच ऐकतात असं वाटत होतं. मी खिडकीकडे जाऊन उभा राहिलो. मला ते बघवेना.

भावोजी त्याच आठवड्यात गेले. शेवटची दाढी मीच केली. रुमाल ठेवायची गरज नव्हती, पण हाताने सवयीने ठेवलाच.

पुढच्या वेळी ताई प्रार्थनाघरात जाते म्हणाली. मी म्हटलं, एवढ्यात कशाला. पण ती कोणाचं ऐकेल तर शपथ. दुसऱ्या रांगेत आपल्या जागी जाऊन बसली. वेल्डरने वाचलं. साधं, सरळ. वाचून झाल्यावर बायका ताईभोवती आल्या. शिवणवालीही आली. तिने ताईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "काय सांगू तुम्हाला, त्यांच्यासारखं वाचणारा परत होणार नाही."

मी बाजूलाच उभा होतो. ताईचा चेहरा मी बघितला. हे एक वाक्य ऐकण्यासाठी त्या बाईने काय काय केलं होतं ते मलाच ठाऊक. तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "असं नका म्हणू. त्यांना आवडायचं नाही. हा चांगलं वाचतो."

शिवणवाली गोरीमोरी झाली. ताईने तिच्या हातावर थोपटलं आणि बाहेर आली.  मला वाटलं, चला, बरं झालं, भावोजींचं काहीतरी उतरलं हिच्यात. घरी आलो. तिने दार लावलं, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"छोट्या, ती काय म्हणाली रे?"

"कोण?"

"शिवणवाली. तू होतास ना तिथे. काय म्हणाली नेमकं?"

मी तिच्याकडे बघितलं.  मी म्हटलं, "म्हणाली, त्यांच्यासारखं वाचणारा परत होणार नाही."

"असंच म्हणाली ना? हेच शब्द?"

"हो ताई. हेच."

ती तिथेच खाली बसली, फरशीवर. आधण उकळून आटत चाललं होतं, ते मी उतरवलं. ती पदर तोंडात धरून रडत होती, आणि मला म्हणत होती, परत सांग. मी तिच्या शेजारी बसलो आणि परत सांगितलं.